राखीला न्यायला आले होते

गोरेगाव, ७ फेब्रुवारी

रविता,

मी आल्यापासून तुझा फोन बंद लागतो आहे. दादा म्हणाला, उद्या तिरोड्याला तुझ्या माहेरी जातो आहे, काय सांगायचं ते लिहून दे, तोंडी निरोप मी नेणार नाही. तो तुझा नवरा आणि माझा सख्खा भाऊ. दोघींच्या मधे उभं राहायला त्याने साफ नकार दिला आहे. म्हणून हा कागद. गोंदियाच्या होस्टेलमध्ये आपण एका खोलीत राहायचो तेव्हा सुट्टीत तू मला पत्रं पाठवायचीस आणि मी उत्तर द्यायची विसरायचे. आता माझी पाळी आहे असं समज.

आधी राखीचं लिहिते, कारण तू तेच आधी शोधशील. राखी बरी आहे. दोन्ही वेळ जेवते. माझ्या हातचं वरण तिला पातळ वाटतं, पण मुकाट्याने भात कालवून खाते. वेणी मात्र घालू देत नाही. कंगवा घेऊन जवळ गेले की मान आखडून घेते, आणि मग स्वतःच कशातरी दोन शेंड्या बांधते. तू कोणतं तेल लावतेस? फळीवर दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर चिठ्ठी नाही. तिला विचारलं तर म्हणते, "मायले माहीत."

तुला ती माय म्हणते आणि मला मम्मी. फोनवर इतकी वर्षं हे ऐकत होते, काही वाटत नव्हतं. घरात राहून ऐकताना वेगळं लागतं.

रविता, तू अशी निघून जायला नको होतंस. मी रिक्षातून उतरले तेव्हा दार उघडं होतं आणि राखी उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "माय तिरोड्याले गेली. कवा येईन, सांगतलं नाही." आत पाहिलं तर सगळे डबे भरलेले, राखीचे फ्रॉक धुऊन घडी करून ठेवलेले, दूधवाल्याला सांगून ठेवलेलं. एवढं सगळं केलंस, आणि पोरीला दोन शब्द सांगितले नाहीस. माझा राग तू तिच्यावर काढलास असं मला वाटलं. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

मी कोणाचं काही हिसकावून नेत नाही आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. राखी दहा महिन्यांची असताना भूपेंद्र आणि मी वेगळे झालो. तेव्हा मला दक्षिण सुदानमधलं काम मिळालं. तिथे मूल नेता येत नव्हतं. मी तुला म्हटलं, सहा महिने सांभाळ. त्यानंतर बांगलादेश आलं, येमेन आलं, आणि प्रत्येक वेळी मुलाला नेण्यासारखी जागा नव्हती. तू कधी काही बोलली नाहीस, म्हणजे तुला चालतंय असंच मी धरून चालले. आता मला नैरोबीत बढती मिळाली आहे. आठ देशांतल्या मदतकार्याची प्रमुख आहे मी. या जागेवर कुटुंबाला घर मिळतं, मुलांच्या शाळेची सोय ऑफिस करतं. राखीसाठी एवढी वर्षं मी याच दिवसाची वाट पाहिली. शाळेला मोठं मैदान आहे, पोहायचा तलाव आहे. फोटो दाखवले तर तिने एक-एक करून सगळे पाहिले आणि फोन मला परत दिला.

तिकिटं २६ तारखेची आहेत. काल शाळेतून तिचा दाखला काढला. हेडमास्तर म्हणाले, मॅडम, परीक्षा तोंडावर आली आहे, एप्रिलपर्यंत थांबा. मी म्हटलं, तिकडे मार्चपासून वर्गात घेतात. त्यांनी विचारलं, रविताताईंना माहीत आहे का. मी हो म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. तूही चल. सहा महिने, वर्षभर, तुला वाटेल तितकं. घरात खोली आहे. राखीला सवय होईपर्यंत तू असलीस तर तिला सोपं जाईल, आणि मी दौऱ्यावर गेले की घरी कोणीतरी आपलं असेल. विचार कर. दादाजवळ हो म्हणालीस की बाकीचं मी पाहते.

पुष्पा


गोरेगाव, १२ फेब्रुवारी

रविता,

दादाने तुझं उत्तर आणलं. निरोप नेणार नाही म्हणाला होता, पण हा आणला. म्हणाला, "ती म्हणते, पगार किती देते पुसजो."

मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. तुझं म्हणणं मला कळलं. मी लिहिलं तेव्हा ते तसं दिसत नव्हतं. पुन्हा वाचलं असतं तर कदाचित दिसलं असतं. तुला मी आया म्हणून बोलावत नव्हते. पण "मी दौऱ्यावर गेले की" हे शब्द माझेच आहेत, आणि ते मला आता खोडता येत नाहीत.

इथे सगळं ठीक आहे. मोझांबिकच्या किनाऱ्याकडे एक चक्रीवादळ सरकतं आहे. बेइरा नावाचं शहर त्याच्या वाटेत येतं असा अंदाज आहे. होड्या, तंबू, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सगळं आधी हलवावं लागतं, म्हणून माझ्या मीटिंगा सुरू आहेत. तिकडे सकाळ असते तेव्हा इथे दुपार. मी मधल्या खोलीत बसते आणि राखी ओसरीवर. ती अजिबात त्रास देत नाही. शाळेच्या वेळेला तिच्या मैत्रिणी रस्त्याने जातात तेव्हा ती आत येऊन बसते. एकीने हाक मारली होती, हिने उत्तर दिलं नाही.

परवा आम्ही दोघी गोंदियाला जाऊन आलो. बाजारात फिरलो. तिला बूट घेतले, निळ्या पट्ट्यांचे. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. थकली होती, घरी आल्यावर लगेच झोपली. दादा दोन दिवस देवरीला मास्तरांच्या प्रशिक्षणाला गेला होता, म्हणून तो सोबत नव्हता.

तिची बॅग भरायला घेतली आहे. तुझी ती पिवळी गोधडी तिला न्यायची आहे. जड आहे, पण नेऊ दे म्हणते मी.

तेलाचं सांगितलं नाहीस.

पुष्पा


गोरेगाव, १४ फेब्रुवारी

रविता,

वरचं पत्र फाडणार होते. फाडत नाही. दादा उद्या तिरोड्याला जाईल तेव्हा दोन्ही एकाच पाकिटात देईन. मी तुला काय लिहिलं होतं आणि खरं काय होतं, ते दोन्ही तुझ्याकडे असू दे.

गोंदियाला आम्ही बाजाराला गेलो नव्हतो. राखी घरातून निघून गेली होती. मी तिला शोधत गेले होते.

सोमवारची दुपार. नैरोबी, मापुटो, जिनिव्हा, सगळी ऑफिसं स्क्रीनवर जोडलेली होती. वादळाने वळण घेतलं होतं, आणि बेइरातल्या आमच्या माणसांना कधी बाहेर काढायचं हे मला ठरवायचं होतं. त्यांच्यात बायका-पोरं असलेले लोक आहेत. माझ्या कानावर हेडफोन. राखी दारात आली. पाठीला शाळेचं दप्तर होतं, ते मी पाहिलं. ती काहीतरी बोलली. मी हात वर केला, थांब म्हणून. ती थांबली. मग पुन्हा बोलली. मी तिच्याकडे न पाहता मान हलवली आणि अंगठा वर केला, आम्ही एकमेकांना स्क्रीनवर करतो तसा. ती गेली.

नंतर कळलं ती काय म्हणाली होती. म्हणाली होती, "मम्मी, मी मायकडे जाऊन राहिलो." म्हणजे ती न सांगता गेली नव्हती, रविता. तिने दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं.

मीटिंग संपली तेव्हा ओसरी रिकामी होती. आधी वाटलं, शेजारी सुमित्राबाईंकडे असेल. सुमित्राबाई अंगणात सांडगे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "राखी त एसटी ष्टँडवर दिसली ना मले. मी म्हटलं, कोठी जाऊन राहिली, त म्हणे तिरोड्याले. मी म्हटलं, मम्मीले सांगतलं काय, त म्हणे, हो, हो म्हणाली."

मी पायात चप्पल घातली की नाही हे मला आठवत नाही. घातली असणार. स्टँडवर कंडक्टरने सांगितलं, हाफ तिकीटवाली मुलगी गोंदियाच्या गाडीत बसली, आधी सुटलेल्या. मी मोटारसायकलवाल्या एका मुलाला हातापाया पडून गोंदियाला न्यायला लावलं. पूर्ण रस्ता मी कोणत्या देशाच्या कोणत्या पोलीस ठाण्यात हरवलेल्या मुलांची नोंद कशी करायची याचे नियम मनात म्हणत होते. हेच नियम मी लोकांना शिकवते. छावणीत आई-मुलाची ताटातूट झाली की पहिल्या तासात काय करायचं, यावर मी भाषणं दिली आहेत.

ती स्टेशनावर होती. तिरोड्याची पॅसेंजर कुठून सुटते हे विचारत ती एका समोसेवालीकडे गेली. त्या सुशिलाबाईंनी तिला आपल्या बाकावर बसवलं, पुढ्यात समोसा ठेवला आणि रेल्वे पोलिसांतल्या एका बाईला बोलावून आणलं. भल्या बाया होत्या दोघी. मी धापा टाकत पोचले, राखीला जवळ घ्यायला गेले. पोलीसबाईने मधे हात घातला. आधी राखीला विचारलं, "बेटा, ये कौन लगती है तेरी?"

राखीने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, रडून नाही. जशी खरी गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं, "पावनी आहे. आमच्या घरी आली आहे."

पाहुणी.

मी पर्समधून तिचा नवा पासपोर्ट काढला. माझा काढला. पोलीसबाईने दोन्ही उघडून नावं जुळवली, फोटो पाहिले, मग आम्हा दोघींकडे पाहिलं. सगळं बरोबर होतं. तिने पासपोर्ट मला परत दिले आणि राखीचा हात माझ्या हातात दिला. त्या वेळी सुशिलाबाई तळण सोडून आमच्याकडे पाहत होत्या. 

आता जे लिहायचं आहे ते यापुढचं आहे. तिरोड्याची गाडी समोर लागली होती. राखी म्हणाली, "मम्मी, आता इथपर्यंत आलोच आहो त मायले भेटून येऊ. लगेच वापस येऊ." आणि ते खरंच होतं, गाडीने जेमतेम अर्धा-पाऊण तास. मी नाही म्हटलं. म्हटलं, आज नाही, मला चार वाजता काम आहे. आणि काम होतंच. पण कारण ते नव्हतं. पाहुणी म्हणून तुझ्या दारात उभं राहायची मला लाज वाटली. तिने तुला पाहून मारलेली मिठी मला पाहायची नव्हती. म्हणून मी तिचं मनगट धरलं आणि स्टेशनाबाहेर आणलं. वाटेत दुकान दिसलं, तिथे बूट घेतले. कोणते हवेत विचारलं तर म्हणाली, कोणतेही. बसमध्ये फोन आला. तो मी घेतला, रविता. तेव्हासुद्धा घेतला.

त्या दिवसापासून राखी शहाण्यासारखी वागते आहे. वेणी घालू देते. मान आखडत नाही. बॅगेतलं काय काढू, काय ठेवू, सगळं मला विचारते. गोधडी नको म्हणाली, जड होईल. मला आधी बरं वाटलं. मी मनात म्हटलंसुद्धा, पाहा, सवय होते आहे. आज दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ती आली, माठाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाणी पिऊ काय?"

या घरात, त्या माठातलं पाणी प्यायला.

मी म्हटलं, अगं पी ना, विचारतेस काय. ती म्हणाली, "तू बोलून राहिली होती ना फोनवर. आवाज होते." फोन तर माझ्या कानाला नव्हताच. तिने पाणी घेतलं, भांडं आवाज न करता पालथं ठेवलं आणि ओसरीवर गेली.

मग मी तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, तुला नैरोबीला यायचं आहे का. तिने विचारलं, "नाही म्हटलं त मायचं काय होईन?" मला कळेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिला वाटतं तू तिच्यामुळे गेलीस. तिचं काहीतरी चुकलं म्हणून तू तिला मला देऊन टाकलंस, आणि आता तिने इथेही हट्ट केला तर मीही जाईन, मग कोणीच उरणार नाही. म्हणून ती शहाणी झाली आहे.

हे अर्धं तुझं आहे, रविता, आणि अर्धं माझं. माझं अर्ध्याहून जास्त आहे.

मी ज्या गावांत काम करते तिथे गावाला विचारल्याशिवाय साधा हातपंप बसवत नाही. कुठे हवा, कोण पाणी भरतं, पंप मोडला तर कोण बघणार, बायकांना वेगळं बसवून विचारतो. न विचारता बसवलेला पंप सहा महिन्यांत बंद पडतो, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. आणि तुला मी तिकीट काढल्यावर कळवलं. हेडमास्तरांना तर दाखल्याचं तुला माहीत आहे म्हणून खोटं सांगितलं.

मी काय मागते आहे ते मलाच नीट माहीत नाही. तू ये. तुला हवं ते मला बोल, नाही बोललीस तरी चालेल. राखीने तुला दारातून आत येताना पाहिलं पाहिजे.

पुष्पा


बेइरा, ९ मार्च

रविता,

इथे इंटरनेट जेमतेम आहे. मापुटोला जाणाऱ्या एका सहकाऱ्याकडे हे पत्र देते आहे, तो तिथून टपालात टाकेल. कधी पोचेल कोण जाणे. फोनवर आपण बोलतो तेव्हा राखीचा अभ्यास आणि दादाचा गुडघा एवढंच होतं. जे राहून गेलं ते लिहिते.

वादळाचं टीव्हीवर पाहिलं असशील. शहराचं निम्मं छप्पर उडालं. आमची माणसं सगळी सुखरूप आहेत, मी वेळेत बाहेर काढली होती. त्या सोमवारी काढली होती. ही गोष्ट मी कोणाला अभिमानाने सांगू शकत नाही आणि तिची मला खंतही करता येत नाही. राखी दारात उभी होती तेव्हा मी जे करत होते ते चुकीचं नव्हतं. तरी ती दारात उभी होती.

तू आलीस त्या रविवारचं मला राहून राहून आठवतं. मी आठ दिवस मनात भांडणाची तयारी केली होती. तू चप्पल काढलीस, पाय धुतलेस, आत आलीस आणि राखीला म्हणालीस, "शाळा काऊन बुडवून राहिली?" ती म्हणाली, दाखला काढला. तू म्हणालीस, "मंग उद्या वापस भर." तेवढंच. ती तुझ्या गळ्यात पडली नाही, मला वाटलं होतं तशी. तुझ्या पिशवीत काय आहे ते उपसून पाहू लागली आणि मग एकाएकी तुझ्या पाठीवर गुद्दे घालायला लागली. तू थांबवलं नाहीस. भाजी निवडत बसलीस आणि ती दमेपर्यंत मार खाल्लास. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला तिने कधी मारलेलं नाही. तेव्हा मला कळलं की मारायलाही माणूस आपलं लागतं.

जेवणं झाल्यावर तू मला म्हणालीस ते मी इथे तंबूत पुष्कळदा मनात म्हणते. "पुष्पा, तू नेतो म्हणत असशीन त मी आडवणार नाही. तुही लेक आहे. पण मले एकदा इचारून त पाह्यचं होतं. ठेवताना बी नाही इचारलं, नेताना बी नाही." मी म्हटलं, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस. तू म्हणालीस, "ठेवताना हो म्हटलं असतं. नेताना नाही म्हटलं असतं. तुले माहीत होतं, म्हणून तू इचारलं नाही."  मग मी विचारलं, तू न सांगता का गेलीस. तू म्हणालीस, तिच्या तोंडाकडे पाहून सांगता आलं नसतं, म्हणून पळालो. मग दोघी तशाच बसून राहिलो. होस्टेलमध्ये भांडण झालं की आपण अशाच बसायचो, कोणीतरी दिवा घालवेपर्यंत.

आता एक गोष्ट, जी मी दादाला सांगितली नाही आणि राखीला तर कधीच सांगणार नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की हे सगळं राखीसाठी आहे. शाळा तिच्यासाठी, बढती तिच्यासाठी, पैसा तिच्यासाठी. वादळामुळे तिकीट अलीकडे घेतलं; १८ तारखेला नागपूरहून विमान उडालं, मी एकटी होते, आणि मला हलकं वाटलं. दुःख झालं, रडलेही, पण त्याच्या खाली हलकं वाटत होतं. तिला सोडून मला माझ्या कामावर जायचं होतं. मला हे काम आवडतं. पाण्यात बुडालेल्या गावात उतरले की मला काय करायचं ते लगेच सुचतं, आणि ओसरीवर एका दहा वर्षांच्या मुलीशेजारी बसले की सुचत नाही. चांगली आई असते तर असं वाटलं नसतं, असं मी स्वतःला बोलते. पण वाटलं ते वाटलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. तू मला माफ कर असं म्हणत नाही. तू फक्त वाच.

शाळेत दादाने दाखला परत भरला हे कळलं. हेडमास्तरांना मी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, रविताताईंना माहीत नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. नैरोबीच्या ऑफिसला मी कळवलं आहे की माझ्यासोबत कोणी राहायला येणार नाही. मोठं घर सोडलं, लहान घेतलं. राखीच्या शाळेचे आणि पुढच्या शिक्षणाचे निर्णय यापुढे तू आणि दादा घ्याल. मला कळवा असंही म्हणणार नाही. मला विचारावंसं वाटलं तर विचारा.

गोंदियाच्या फलाटावर काय झालं ते तुला माहीत नाही. तू घरीच राहिलीस, मला वाटतं मुद्दाम. दादा आणि राखी मला पोचवायला आले होते. दादा पाण्याची बाटली आणायला गेला. राखी तेच निळ्या पट्ट्यांचे बूट घालून आली होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. ती पाय हलवत होती. मला खूप काही सांगायचं होतं आणि वेळ थोडा होता. कामाच्या ठिकाणी असं होतं तेव्हा मी मुद्दे पाडते, तसे मनात मुद्दे पाडत होते. शेवटी ते सगळे सोडून दिले. म्हटलं, आयुष्यात एकदा हिला नीट विचारावं.

मी विचारलं, "राखी, मी परत येऊ काय?"

 समोरच्या रुळांवरून एक मालगाडी जात होती. तिचा आवाज फार होता, म्हणून गाडी सरून जाईपर्यंत राखी थांबली. मग म्हणाली, "ये ना. पण मले नेवाले नको येऊ."

"बरं," मी म्हटलं. "मग कायले येऊ?"

माझ्या तोंडून 'कायले' ऐकून तिला हसू आलं. मी आल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली. खांदे उडवून म्हणाली, "अशीच."

दादा बाटली घेऊन आला. गाडी लागली. मी चढले, ती खिडकीशी आली. सांभाळून राह्यजो म्हणाली, तू तिला सांगतेस अगदी त्या आवाजात.

मे महिन्यात मला सुट्टी मिळते आहे. तुला विचारते, येऊ का? येण्याला कारण काही नाही. अशीच.

पुष्पा